सकाळच्या नकाशावर गाडी काढू नका

गडगडाटी वादळ बघायला जायचं तर विंडी या हवामानाच्या ॲपवर सकाळी पावसाचे रंग बघून निघायचं, असं काही जण सांगतात. मला ते पटत नाही. एप्रिल-मेमधलं आपल्या विदर्भातलं वादळ दुपारी जमीन तापल्यावर उठतं. ते काटोलला की वरूडला, हे सकाळचं मॉडेल, म्हणजे संगणकाने काढलेला अंदाज, नेमकं सांगू शकत नाही. सकाळी केप (CAPE) बघा, म्हणजे वादळाला वर उसळायला हवेत किती ऊर्जा आहे त्याचा आकडा. दोन हजारांच्या आसपास असेल आणि खालच्या थरात दमट वारा असेल, तर तयारीत राहा. दुपारनंतर मात्र नागपूरच्या डॉप्लर रडारची चित्रं बघा. त्यावर ५० डीबीझेडच्या (ढगातून रडारकडे परत येणाऱ्या लहरी किती जोरदार आहेत, त्याचं माप) वरचा गोळा दिसला तर गारांची शक्यता धरायची. लागोपाठची दोन-तीन चित्रं बघितली की तो कुठे सरकतोय ते कळतं. त्याच्या वाटेत थांबू नका, बाजूने बघा. विजेचा इशारा देणारं दामिनी ॲप चालू ठेवा, आणि धुऱ्यावरच्या झाडाखाली कृपा करून उभे राहू नका.