बालवाडीच्या बाई, अंगणवाडीच्या ताई: तुमचे अनुभव लिहा

अबोली
काल शेजारच्या ताईंनी जिन्यात गाठून विचारलं, "आमचा छोटा साडेतीनचा झाला, अजून पेन्सिल धरत नाही. शिकवणी लावू का?" तेव्हापासून आईची बालवाडी डोक्यातून जात नाहीये.

आई डहाणू तालुक्यातल्या एका पाड्यावर बालवाडी चालवायची. शिकली कोसबाडला, अनुताई वाघांच्या हाताखाली. ताराबाई मोडक आणि अनुताईंनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलं, १९५७ मध्ये ते कोसबाडच्या टेकडीवर गेलं. पाड्यावरची मुलं शाळेत येत नाहीत ना, मग शाळाच त्यांच्या अंगणात न्यायची, असं त्या दोघींनी ठरवलं. गुरांमागे जाणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळासुद्धा केली. आईचंही तेच. सकाळी घरोघर फिरून मुलं गोळा करायची, हातपाय धुवायचे, केस विंचरायचे, नखं कापायची आणि मग गाणी. विकतचं मॉन्टेसोरी साहित्य कुठून आणणार? शिंपले, चिंचोके, बिया, खडे. शिंपले लहान-मोठे लावायचे, चिंचोके मुठीत घेऊन एकेक सोडायचा. बोटं तयार झाली की पेन्सिल आपोआप येते, घाई करू नका, असं ती सगळ्यांना सांगायची.

आणि पालकसभा वगैरे काही नाही! ती स्वतःच आयांच्या ओट्यावर जाऊन बसायची. त्यांच्याबरोबर तांदूळ निवडता निवडता विचारायची, हा काल जेवला नाही का, हिचा कान वाहतोय, दवाखान्यात कधी नेताय.

शेजारच्या ताईंना म्हटलं, शिकवणी राहू दे, पोळ्या करताना त्याला कणकेचा गोळा द्या. तुमच्याही बाई आठवत असतील. पालक, शिक्षक, आजी-आजोबा, सगळ्यांनी लिहा.

शेवगा
सुकडी!!! मला बालवाडी म्हटलं की आधी सुकडीच आठवते. कागदात बांधून घरी न्यायला द्यायचे, धाकट्या बहिणीसाठी. घरी पोचेपर्यंत कागदच उरायचा 😀

पायवाट
@शेवगा अगदी! आणि घरून ताटली न्यायची, तिच्यावर नाव कोरलेलं. माझ्या ताटलीवर आजोबांचं नाव होतं, म्हणून बाई मला त्याच नावाने हाक मारायच्या.

मेळघाटची ताई
मी स्वतः सेविका आहे, धारणीकडे. लिहायची सवय नाही, चुकलं तर सांभाळून घ्या.

आमची मुलं घरी कोरकू बोलतात. मला येत नव्हती. मदतनीस गावातलीच, तिने शिकवली. पहिल्या वर्षी गोष्ट ती सांगायची आणि मी चित्रं दाखवायची. आता मी पण सांगते, मुलं माझे उच्चार दुरुस्त करतात.

लोकांना वाटतं अंगणवाडी म्हणजे खिचडी. खिचडी आहेच, पण वजन, उंची, लसीकरण, गरोदर बायकांच्या घरी भेटी, फोनवर माहिती भरणं, आणि या सगळ्यात तीन ते सहाच्या मुलांचं शिकणं. दिवाळीनंतर पुष्कळ घरं कामाला बाहेर जातात. होळीला सगळे गावात परत येतात. त्या आठवड्यात वजनं घेतली की लगेच कळतं कुठलं मूल खंगलंय.

एक लेकरू वजनाच्या तक्त्यावर सारखं पिवळ्यात, म्हणजे कमी वजनात राहायचं, वजन पुढे सरकेना. घरी गेले तर आई पहाटेच कामावर गेलेली आणि मोठी बहीण सांभाळते. बहीण सात वर्षांची, तिची शाळा बुडत होती. ती पोरगी स्वतः न खाता त्याला भरवायची, पण तिच्या अंदाजाने किती भरवणार? आजीशी बोलले. आजी म्हणाली मला चालवत नाही, आणायला कोण येईल? मदतनीस म्हणाली मी आणते. लेकरू अंगणवाडीत आणि बहीण शाळेत. पावसाळा संपेपर्यंत हिरव्यात, म्हणजे नीट वजनात आलं. ती बहीण आता मधल्या सुट्टीत येऊन आमच्या मुलांना मणी ओवायला शिकवते.

अबोली
ताई, तुम्ही फार छान लिहिता. हे आज आईला वाचून दाखवते.

उंबरठा
इथे बाबांनी लिहिलं तर चालेल ना? मुलगी अडीच वर्षांची. जूनपासून दारात सोडताना रोज रडते. शाळेत सांगतात, मागे वळून बघू नका, पटकन निघा. ती माझ्या शर्टाचं बटण धरून ठेवते, एकेक बोट सोडवावं लागतं. ऑफिसात पोचलो तरी डोळ्यासमोरून जात नाही. नक्की काय करावं?

शेवगा
@उंबरठा 🫂

येनाकर
@उंबरठा आम्ही जर्मनीत आहोत. इथल्या पाळणाघरात मूल असं एकदम सोडतच नाहीत. आमच्याकडे जी पद्धत होती तिला बर्लिन मॉडेल म्हणतात. पहिले तीन दिवस आई किंवा बाबांनी तासभर कोपऱ्यात बसायचं, काही करायचं नाही, मूल आलं तर जवळ घ्यायचं. चौथ्या दिवशी सांगून काही मिनिटं बाहेर. रडलं आणि बाईंकडून शांत झालं तर वेळ वाढवायचा, नाही तर आणखी थांबायचं. आधी बाईंशी नातं, बाकी नंतर. तुमच्या शाळेला निदान विचारून बघा. आणि न सांगता सटकू नका, ही कळकळीची विनंती.

थोडं अवांतर: किंडरगार्टन सुरू करणाऱ्या फ्रोबेलने १८३७ मध्ये ज्या बाड ब्लांकेनबुर्गला काम सुरू केलं ते इथून फार लांब नाही. म्युझियममध्ये त्याचे लाकडी ठोकळे आणि लोकरीचे चेंडू बघून माझी आई म्हणाली, "हे तर आमच्या बालवाडीत होतं!"

मेळघाटची ताई
@उंबरठा दादा, आईची ओढणी किंवा तुमचा रुमाल तिच्याकडे राहू द्या. आणि घ्यायला येताना सांगितलेल्या वेळेलाच या. "जेवण झालं की बाबा येतील" असं सांगा, लहान मुलांना घड्याळ कळत नाही, जेवण कळतं.

बालाघाट
मी कधी इथे लिहीत नाही, आज लिहितो.

आई-वडील दसरा झाला की ऊसतोडीला. मी आजीजवळ. बालवाडीच्या बाई संध्याकाळी आमच्या घरावरून जायच्या, दारात थांबून आजीला आजचं गाणं म्हणून दाखवायच्या. "रातच्याला पोराकडून म्हणवून घ्या." आजीला अक्षर येत नव्हतं, पण संक्रांतीपर्यंत माझ्या आधी तिचंच पाठ व्हायचं.

एकदा बाईंनी स्वतःच्या पैशाने आंतरदेशीय पत्र घेऊन कारखान्याच्या पत्त्यावर पाठवलं. पोरगं दहापर्यंत मोजतं, स्वतःचं पूर्ण नाव सांगतं, गूळ मागतं, तब्येत बरी आहे. मुकादमाने कोपीवर, म्हणजे तोडीवरच्या झोपडीत येऊन वाचून दाखवलं. आई म्हणते त्या रात्री दोनदा वाचायला लावलं. त्या पत्राच्या कोपऱ्यात बाईंनी माझी मूठ ठेवून भोवती पेन फिरवला होता. आईने ते अजून पेटीत जपलंय.

पायवाट
@बालाघाट भाजी करपली माझी वाचता वाचता. बाई आहेत का अजून?

बालाघाट
आहेत. गेल्या पाडव्याला भेटून आलो. त्यांनी आधी आजीचं विचारलं.

खडू
मी पहिलीला शिकवते. पालकांनो, मनापासून सांगते, मला जोडाक्षरं येणारं मूल नको आहे. डबा स्वतः उघडता यावा, "बाई, मला शू लागली" हे न लाजता सांगता यावं, गोष्ट संपेपर्यंत ऐकता यावी, हरलं तरी पुन्हा खेळता यावं. एवढं घेऊन मूल आलं की वाचायला मी शिकवते, ते माझं काम आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही तीन ते आठ हा एकच पायाभूत टप्पा धरलाय, म्हणजे पहिली-दुसरीसुद्धा खेळत शिकायच्याच वयात येते. तरी दर जूनला साडेपाच वर्षांची मुलं दाखल करून घ्या म्हणून पालक हटून बसतात. सहा पूर्ण होऊ द्या हो. वर्ष वाया जात नाही.

शेवगा
@खडू हे आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू का?

खडू
टाका, जरूर टाका.

अबोली
@मेळघाटची ताई, आईला वाचून दाखवलं. ती विचारतेय, अंगणवाडीसाठी गोष्टींची पुस्तकं पाठवली तर चालतील का?

मेळघाटची ताई
पुस्तकं आहेत ताई. जाड कागद आणि मोठे रंगीत खडू लागतात, बारीक खडू लगेच मोडतात. मुख्य सेविकांना विचारून कळवते.