अँबॅसडर मार्क २ (१९७२): ब्रीदर पाइपऐवजी पीसीव्ही बसवावा का?

सातारकर_अँबी

नमस्कार मंडळी,

गाडी वडिलांची. १९७२ ची मार्क २, १४८९ सीसी पेट्रोल, एसयू कार्ब्युरेटर. तीन वर्षांपूर्वी इंजिन उतरवून बोअर केलं, पिस्टन-रिंगा नव्या घातल्या, क्रँक ग्राइंड केला. त्यानंतर जेमतेम चार हजार किलोमीटर झालेत. मागच्या आठवड्यात कॉम्प्रेशन घेतलं, चारही सिलिंडर १२५ ते १३० पीएसआय. म्हणजे रिंगा गेल्यात असं म्हणायला जागा नाही.

तरी दोन गोष्टी पिच्छा सोडत नाहीत. पुण्याहून येताना खंबाटकी लागली, सेकंड गिअर पडला, पुढे ट्रकांची रांग असली की पायापाशी जळक्या ऑइलचा वास दाटतो. मागे आई बसलेली असते, ७६ वर्षांची, तिला दमा आहे. गेल्या खेपेला अर्ध्या घाटात गाडी बाजूला घेऊन चारही दारं उघडली. दुसरं म्हणजे रोज सकाळी बेल हाउसिंगखाली (इंजिनामागचं क्लचचं घर) शहाबादी फरशीवर पापडाएवढा डाग. इंजिनाच्या माथ्यावरच्या रॉकर कव्हरचं झाकण उघडलं तर आतून पिवळट, लोण्यासारखा थर.

मिस्त्री म्हणतो, "अँबॅसडर आहे साहेब, ऑइल टाकणारच." हे मला पटत नाही. वडिलांनी ही गाडी कशी ठेवली होती ते मी पाहिलंय. इंजिनाच्या बाजूच्या टॅपेट कव्हरवरून खाली लोंबणारा, आतला गॅस बाहेर सोडणारा ब्रीदर पाइप काढून पीसीव्ही व्हॉल्व्ह (हाच गॅस इंजिनाच्या व्हॅक्यूमने ओढून परत जाळायला पाठवणारा) लावला तर फरक पडेल का? गाडीला पन्नास वर्षं होऊन गेली, व्हिंटेज नोंदणी करायची आहे, तेव्हा कापाकापी नको.

कोल्हापुरी_पाना

दादा, कॉम्प्रेशन घेऊन मग विचारलंत हे उत्तम. रिंगा गेलेल्या इंजिनला पीसीव्ही लावला तर ते फक्त ऑइल पीत बसतं.

रिंगा कितीही नव्या असल्या तरी थोडा गॅस पिस्टनच्या कडेने खाली उतरतोच. त्यात न जळलेलं पेट्रोल आणि पाण्याची वाफ असते. तुमच्याकडे तो बाहेर काढायचं काम त्या लोंबत्या पाइपचं. गाडी पळत असली की खालून जाणारा वारा पाइपच्या तोंडातून गॅस ओढून घेतो. ताशी चाळीसच्या खाली ही ओढ नावालाच. घाटात नेमकं उलटं होतं: भार जास्त म्हणून गॅस जास्त, वेग पंधरा-वीस म्हणून ओढ नाही. मग तो तुमच्या पायाखालीच घोटाळतो. झाकणातलं लोणी म्हणजे ऑइलमध्ये घुसळलं गेलेलं पाणी. गाडी जवळच्या जवळ फिरवली की ते जास्तच धरतं.

आता डाग. अँबॅसडरच्या या तीन बेअरिंगच्या बी-सिरीज (मूळ ब्रिटिश बीएमसीच्या) इंजिनला क्रँकच्या मागच्या टोकाला रबरी सील नाहीच. क्रँकवर आटे कापलेत, ते फिरता फिरता ऑइल परत आत लोटतात. आत दाब साठला की आट्यांचं काही चालत नाही, ऑइल बाहेर येतं. म्हणून मिस्त्रीने कितीही पॅकिंग बदललं तरी डाग तिथेच.

याच घराण्यातलं १८०० चं इंजिन एमजीबी या ब्रिटिश स्पोर्ट्स कारमध्ये होतं आणि १९६४ साली कारखान्यानेच त्याला पीसीव्ही दिला. त्यामुळे हा जुगाड आहे असं मनात आणू नका.

मी माझ्या गाडीला असं केलं: दुसरं जुनं टॅपेट कव्हर मिळवलं, त्यावर नळी ब्रेझ करून घेतली. मूळ कव्हर आणि पाइप तसेच्या तसे जपून ठेवले. इनटेक मॅनिफोल्डला (कार्ब्युरेटरपासून सिलिंडरकडे जाणारा मार्ग) भोक पाडायचं नव्हतं, म्हणून उद्यमनगरात टर्नरकडून १२ मिमी जाडीची अॅल्युमिनियम प्लेट करून घेतली आणि कार्ब्युरेटर व मॅनिफोल्डच्या मध्ये घातली. व्हॅक्यूमची निपल त्या प्लेटमध्ये. स्टड लांब लागतात आणि अॅक्सिलरेटरची तार थोडी सरकवावी लागते. व्हॉल्व्ह एस्टीमचा, १२९८ सीसीचा, याला चालतो.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. रॉकर कव्हरवरून एअर क्लीनरला जाणारी नळी बंद करू नका. ताजी हवा तिथूनच आत येते. ती बंद केलीत तर व्हॅक्यूम मागच्या त्या आट्यांच्या फटीतून क्लचची धूळ ओढेल आणि नव्या बेअरिंगांची माती होईल.

जीपवाला_नाशिक

वरच्या दादांशी सहमत. महायुद्धातल्या विलीज जीपला हा व्हॉल्व्ह मुळातच होता, इनटेक मॅनिफोल्डवर बसवलेला. त्यामुळे जुन्या इंजिनला ही चीज परकी नाही. माझ्या जीपचा व्हॉल्व्ह काजळीने उघडाच अडकला होता, तर स्लो (गाडी उभी असतानाची इंजिनाची मंद चाल) काही केल्या धरेना. मी दोन महिने कार्ब्युरेटर उघडत बसलो. व्हॉल्व्ह काढून कानाशी हलवा, खुळखुळला पाहिजे. शिवाय नळी रेडिएटरची वापरू नका, ऑइलने फुगते आणि आत चिकटते. ब्रेक बूस्टरची व्हॅक्यूम नळी घ्या.

मूळरूप_पुणे

माझं मत वेगळं आहे. आधी आहे तो पाइप काढून रॉकेलमध्ये भिजवा. माझ्या मार्क २ च्या पाइपमध्ये बोटभर जाड काळा गाळ निघाला होता, फक्त तो साफ केल्यावर निम्मा त्रास गेला. पीसीव्ही नंतर हवा तर लावा, पण परत मूळ रूपात आणता येईल असाच.

सातारकर_अँबी (सात आठवड्यांनी)

सगळ्यांचे मनापासून आभार. पुणेकरांचं ऐकून आधी पाइप धुतला. गाळ निघाला, वास थोडा कमी झाला, डाग तेवढाच. मग कोल्हापूरची वाट धरली.

मोजायला एक साधी युक्ती केली. डिपस्टिकच्या भोकात पारदर्शक नळी घट्ट बसवली, तिला इंग्रजी यूसारखा बाक दिला आणि त्यात पाणी भरलं. जुना पाइप असताना स्लोवर पाणी दीड सेंटिमीटर बाहेर ढकललं जायचं. प्लेट आणि व्हॉल्व्ह बसवल्यावर तेच पाणी तीन सेंटिमीटर इंजिनाकडे सरकलं आणि तिथेच थरथरत उभं राहिलं. ते बघताना वडील शेजारी हवे होते असं फार वाटलं.

स्लो लीन झाला होता, म्हणजे हवा जास्त, पेट्रोल कमी. एसयूच्या जेटची नट दोन फ्लॅट (नटेच्या दोन बाजूंइतकी) खाली घेतल्यावर नीट झाला. लोणी आता धरत नाही. डाग पूर्ण गेलेला नाही, पण सकाळी दोन थेंब, तेही लांब फिरून आल्यावरच.

काल पुण्याहून आलो. खंबाटकीत ट्रकांची तीच रांग, सेकंड गिअर, काचा वर. आई घाटाआधीच झोपली होती, ती सुरूर फाट्याला उठली आणि घाट कधी येणार म्हणून विचारू लागली.

प्लेटचं माप कागदावर काढून ठेवलंय. कुणाला मार्क २ साठी हवं असेल तर सांगा, फोटो टाकतो.