तुर्कस्तानातले सर्केशियन: ऐच्छिक विषय दिला म्हणजे भाषेचा हक्क मिळाला का?

रानपाखरू:
तुर्कस्तानात २०१२ पासून पाचवीपासून पुढे सर्केशियन भाषा ऐच्छिक विषय म्हणून घेता येते, पण वर्गाला किमान १० मुलं हवीत. आता १८६४ मध्ये रशियाने कॉकेशसमधून हाकललेले हे लोक, ऑटोमन सरकारने त्यांना गावोगावी विखरून बसवलं, मग एका शाळेत १० पोरं जमवायची कुठून? त्यात १९२३ च्या लोझान तहाने स्वतःच्या शाळांचा हक्क दिला तो फक्त बिगरमुस्लिमांना, हे पडले सुन्नी मुसलमान, म्हणजे कागदावर अल्पसंख्याकच नाहीत. माझ्या मते ही निव्वळ बोळवण आहे.

अजित_सातारा:
पटत नाही. जॉर्डनमध्ये बघा, १८७८ मध्ये ओसाड पडलेलं अम्मान यांनीच पुन्हा वसवलं, संसदेत राखीव जागा आहेत, राजवाड्यावर पहारा द्यायला सर्केशियन पोशाखातले शिपाई असतात, कुणी भाषेवर बंदी घातली नाही. तरी तरुण पोरं अरबीच बोलतात. घरात बोलत नसतील तर सरकार काय करणार? सर्केशियनची नातलग असलेल्या उबिख भाषेचं तुर्कस्तानात तेच झालं. तेवफिक एसेंच हा ती नीट बोलणारा शेवटचा माणूस, १९९२ ला गेला, ८० च्या वर व्यंजनं असलेली भाषा त्याच्याबरोबर संपली, आणि त्याची स्वतःची मुलं तुर्की बोलायची.

रानपाखरू:
अजितदादा, ती मुलं तुर्की का बोलायला लागली ते पण बघा ना. १९२८ पासून 'नागरिका, तुर्की बोल' अशी मोहीम होती, १९८३ चा भाषाबंदीचा कायदा तर १९९१ पर्यंत चालला. अशा वातावरणात आईबाप पोराला शाळेत त्रास नको म्हणून गप्प बसणारच, त्याचा दोष घरावर टाकणं मला अन्यायाचं वाटतं. उलट इस्रायलमधलं कफर कामा बघा, सर्केशियनांचं छोटंसं गाव, पण शाळेत भाषा शिकवतात आणि पोरं गल्लीत खेळताना पण तीच बोलतात.

मेधा के:
कफर कामात सगळे एकत्र राहतात हा मोठा फरक आहे. त्याच देशात आपले बेने इस्रायली आहेत, त्यांच्या घरची मराठी नातवंडांपर्यंत फारशी पोचलीच नाही. आणि मायभूमीच्या भरवशावर राहण्यात पण अर्थ नाही, रशियाने २०१८ मध्ये अशा भाषांचे तास ऐच्छिक करून टाकले, अगदी अदिगेया आणि काबार्दिनो-बल्कारिया या सर्केशियनांच्या प्रजासत्ताकांत सुद्धा. १० मुलांची अट काढा आणि बालवाडीपासून सुरू करा, पाचवीत पोरगं येईपर्यंत उशीर झालेला असतो.

अजित_सातारा:
मेधाताई, बालवाडीचं मान्य. पण शिकवायचं काय? सर्केशियनची अदिगे बोली की कबार्डियन, रशियनसारखी सिरिलिक लिपी की तुर्कीसारखी लॅटिन, यावर त्यांच्यातच एकमत नाही. ते सरकारने ठरवायचं का?

रानपाखरू:
सरकारने अजिबात ठरवू नये, शिक्षक तयार करावेत आणि पगार द्यावा. बालवाडीतल्या पोराला लिपी लागतच नाही, त्याच्याशी बोलणारं माणूस लागतं, आणि गावात अजून भाषा येणाऱ्या आज्या आहेत, त्यांना मानधन देऊन वर्गात बसवा. लिपीचा वाद मोठ्यांनी खुशाल घालत बसावं.