ध्रुवीय उन्हाळ्यातील प्रतिध्वनी आणि बर्फाचे कण
ध्रुवीय प्रदेशात उन्हाळ्यात वातावरणाच्या वरच्या थरांतून रडारकडे परतणारे प्रतिध्वनी केवळ हवेतील खळबळीमुळे उमटतात, असे एक मत आहे; त्याला एक पुस्ती जोडणे आवश्यक वाटते. ५० मेगाहर्ट्झच्या रडारला इलेक्ट्रॉनांच्या घनतेतील सुमारे ३ मीटरचे चढउतार दिसतात. ८० ते ९० किलोमीटर उंचीवर इतक्या लहान रचना एरवी लगेच विरून जातात. उन्हाळ्यात मात्र वर चढणारी हवा प्रसरण पावून कमालीची थंड होते, बर्फाचे सूक्ष्म कण तयार होतात, आणि इलेक्ट्रॉन चिकटून ऋणभारित झालेले हे कण उरलेल्या इलेक्ट्रॉनांचे विसरण (पसरून विरळ होणे) मंदावत असल्याने त्या रचना खळबळ शमल्यावरही टिकतात. नॉर्वेतील ट्रोम्सो येथील प्रयोग मला याचा सर्वांत सुंदर पुरावा वाटतो: शक्तिशाली रेडिओलहरींनी इलेक्ट्रॉन तापवताच त्यांचे विसरण वाढून प्रतिध्वनी क्षीण होतो आणि लहरी थांबवताच परततो, हवेतील खळबळ इतक्या झटकन बदलू शकत नाही.