सत्र विस्कटलंय आणि परीक्षा पाच आठवड्यांवर: एस.वाय.च्या मुलांना कसं सावरायचं?

चोपडा_केमिस्ट्री

नमस्कार मंडळी. चोपडा तालुक्यातलं कॉलेज, एस.वाय.बी.एस्सी. (पदवीचं दुसरं वर्ष), रसायनशास्त्र. वर्गात ६४ मुलं-मुली. सप्टेंबरच्या पावसात फरशी पूल पाण्याखाली गेले, गाड्या बंद पडल्या. रस्ते सुरू होतात तोच दिवाळी, आणि आता कापूस वेचणी. रोज पंचवीस-तीस जण येतात, तेही दर वेळी वेगळे. भौतिक रसायनशास्त्राचा पेपर २ क्रेडिटचा, म्हणजे ३० तास. त्यातले १४ झालेत. परीक्षेला पाच आठवडे, आठवड्याला २ तास धरले तर आणखी १० होतील. ६ तास कुठून आणू? प्रॅक्टिकलचं तर निम्मं जर्नल कोरं आहे. रविवारी जादा तास घ्यावेत असं विभागात चाललंय. यातून गेलेल्यांनी नीट मार्ग सांगावा.

तापीकाठ

मॅडम, ६ तासांचा हिशोब आज बाजूला ठेवा. आधी कोण कुठे आहे ते कळू द्या. हजेरीपटावरून ६४ नावांची यादी काढा आणि प्रत्येकापुढे तीन गोष्टी लिहा: आत्ता मुक्काम कुठे, फोन स्वतःचा की घरच्यांचा, आणि न येण्याचं खरं कारण. कारणं चारच निघतात: गाडी नाही, पैसे नाहीत, शेतात काम आहे, किंवा मागे पडल्यामुळे वर्गात बसायची भीती वाटते. चौथं कारण कोणी आपण होऊन सांगत नाही. ‘येतो सर उद्या’ असं तीनदा म्हणून जो येत नाही, तो बहुधा त्यातलाच. यादी एकटीने करू नका. दहा-दहा मुलांमागे एक शिक्षक नेमा, त्याने फोन करायचा. फोन रात्री आठनंतर करावा, तोवर माणसं रानातून परतून जेवलेली असतात. दुपारी लावलात तर फोन बांधावर कुणाच्या तरी पिशवीत वाजत राहील.

मग अभ्यासक्रमाला कात्री लावा, पण ती युनिटच्या क्रमाने नको. शेवटचं युनिट सरसकट सोडणं ही नेहमीची चूक. प्रश्नपत्रिका सगळ्या युनिटांवर येते, त्यामुळे एका दमात सगळ्याच मुलांचे गुण जातात. प्रत्येक युनिटमध्येच तीन कप्पे करा. उदाहरणार्थ रासायनिक गतिकी: ऑर्डर आणि मॉलेक्युलॅरिटीतला फरक, पहिल्या ऑर्डरचं समीकरण, अर्धायुष्य आणि त्यावरची गणितं, एवढं फळ्यावर तुम्हीच शिकवा. दुसऱ्या ऑर्डरची सिद्धता छापील पानावर पायऱ्यांसकट द्या, वर्गात दहा मिनिटं शंका घ्या. तिसऱ्या ऑर्डरची सिद्धता घरी वाचायला. गणितात मुलं अडकतात ती दोनच ठिकाणी: लॉगचा पाया १० घेतला की २.३०३ ने गुणायचं राहून जातं, आणि वेळ मिनिटांत दिलेला असताना वेग स्थिरांक सेकंदात काढतात. फळ्यावर चार गणितं ओळीने सोडवण्यापेक्षा दोन सोडवा आणि दोन मुलांकडून तिथेच, वहीत सोडवून घ्या. कोण कुठे चुकतंय ते बाकांमधून फिरताना दिसतं.

असं केलं की राहिलेल्या १० तासांत पेपर बसतो. बुडालेले ६ तास घाईघाईने ‘संपवले’ तर नोंदवहीत पूर्ण दिसतील, डोक्यात काही राहणार नाही.

रविवारचे तास नकोत. वेचणीच्या दिवसांत घरचे पोराला रविवारीच हक्काने शेतात धरतात. मजुरी किलोवर मिळते, चार माणसांचे हात असले तर आठवड्याचा किराणा निघतो. जे रविवारी येऊ शकतात ते एरवीही येतातच. जादा तासाने पुढे असलेलेच आणखी पुढे जातात.

ब्युरेट_पिपेट

प्रॅक्टिकलचं बोलतो, कारण तिथेच जास्त गोंधळ होतो.

कॉलेज तीन-चार आठवडे बंद होतं ना, तर कपाटातल्या जुन्या बाटल्यांवर अजिबात विसंबू नका. सोडियम हायड्रॉक्साइडचं द्रावण हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढून घेतं, नॉर्मॅलिटी (द्रावणाची तीव्रता) उतरते, आणि सगळ्या बॅचची रीडिंग एकाच बाजूला सरकतात. मुलांना वाटतं आपलंच चुकलं, ती पुन्हापुन्हा करत बसतात आणि तीन तास जातात. ०.१ नॉर्मलसाठी लिटरला ४ ग्रॅम घेऊन ताजं करा आणि त्याच सकाळी ०.१ नॉर्मल ऑक्झॅलिक ॲसिडने प्रमाणित करून नॉर्मॅलिटी फळ्यावर लिहा. ऑक्झॅलिक ॲसिड लिटरला ६.३ ग्रॅम, स्फटिकजल असलेलं. वीज असेल तेव्हा आदल्या दिवशीच वजन करून ठेवा: ऑक्झॅलिक ॲसिड कागदी पुड्यांत, सोडियम हायड्रॉक्साइड मात्र घट्ट बुचाच्या बाटलीत, कागदात ते ओल धरतं. सकाळी भारनियमनात डिजिटल काटा बंद पडला तरी काम थांबत नाही.

पोटॅशियम परमँगनेटच्या बाटलीच्या तळाशी तपकिरी गाळ दिसला तर ते काचेच्या लोकरीतून गाळा, फिल्टर पेपरमधून नको, कागदच त्याला खातो. मग पुन्हा प्रमाणित करा. स्टार्च रोजच्या रोज नवा. काचेच्या स्टॉपकॉकच्या ज्या ब्युरेटांत अल्कली राहून गेलं त्यांचे कॉक घट्ट बसलेले असतील. जोर लावून पिळू नका, नळी तुटते. कोमट पाण्यात ठेवून हळूहळू सोडवा, मग व्हॅसलीनचं अगदी पातळ बोट.

आता वेळ कुठे वाचतो ते. मिथाइल ॲसिटेटच्या जलविघटनाचा प्रयोग घ्या. इन्फिनिटी रीडिंगपायी, म्हणजे विघटन पूर्ण झाल्यावरच्या रीडिंगपायी, तो लांबतो. आदल्या दिवशी त्याच मापाने मिश्रण करून बूच लावून ठेवलं की २४ तासांनी ते रीडिंग तयार, ते सगळ्या बॅचला चालतं, फक्त ॲसिड आणि एस्टर त्याच बाटलीतलं हवं. एरवी दहा-दहा मिनिटांनी रीडिंग घेताना मधली पाच मिनिटं मुलं नुसती उभी असतात. त्या वेळात मागच्या प्रयोगाचं गणित करून घ्या, जर्नल तिथेच पूर्ण होतं. टायट्रेशनच्या फ्लास्कमध्ये बर्फाचं पाणी घालायला मात्र विसरू देऊ नका, नाहीतर टायट्रेशन चालू असतानाच विघटन पुढे जात राहतं आणि आलेख वाकडा येतो.

बॅच १२ वरून २० ची करायचा मोह होईल. करू नका. चौघांत एक ब्युरेट दिली की एक जण करतो आणि तिघं उतरवतात. त्यापेक्षा प्रयोगांची संख्या तुमच्या अभ्यासमंडळाच्या किमान अटीवर आणा आणि प्रत्येकाचा हात लागू द्या.

सातपुडा_तळोदा

वरच्या दोन्ही उत्तरांना अनुमोदन. मी डोंगरपट्ट्यातल्या मुलांबद्दल लिहिते. अक्राणी, अक्कलकुव्याकडची किंवा तुमच्याकडे वैजापूर बाजूची मुलं असतील, त्यांना ऑनलाइन तासाची लिंक पाठवून काहीही होत नाही. रेंज एखाद्या टेकाडावर मिळते, तिथे तासभर उभं राहून कोण शिकेल?

आवाजी नोट पाठवा. ३२ केबीपीएस, मोनो असं रेकॉर्ड केलं तर १० मिनिटांची फाइल साधारण २.४ एमबीची होते, अर्धवट रेंजमध्येही उतरते. एका नोटमध्ये एकच मुद्दा आणि सुरुवातीला पान क्रमांक. ग्रुपमधल्या एखाद्या हुशार मुलाकडून तोच मुद्दा अहिराणीत किंवा पावरीत सांगून घ्या. सरांना विचारायला लाजणारी पोरं त्याला बिनधास्त विचारतात. नोट्सचे फोटो सरळ कॅमेऱ्याने काढून टाकू नका, पानाला तीन-चार एमबी होतात. स्कॅनच्या ॲपमध्ये काळं-पांढरं निवडलं की पान १००-२०० केबीत बसतं. ऑनलाइन फॉर्मवर चाचणी घेऊ नका. मधेच रेंज गेली की उत्तरं जातात आणि मुलगा दुसऱ्यांदा भरत नाही. पाच प्रश्न साध्या मेसेजमध्ये लिहा, वहीत सोडवून फोटो मागवा, मुदत दोन दिवस.

ज्यांच्याकडे फोनच नाही त्यांच्यासाठी आठवडे बाजार. घरातलं कुणी ना कुणी बाजाराला येतंच. स्टँडजवळच्या झेरॉक्सवाल्याकडे नावानिशी पाकिटं ठेवा: आठवड्याची छापील पानं, पाच प्रश्न, कोरा ताव. पुढच्या बाजारी सोडवलेला ताव तिथेच परत. तपासून परत पाठवलाच पाहिजे, दोन ओळी शेरा लिहून. एकदा जरी परत गेला नाही तरी पुढच्या बाजारापासून ताव येणं थांबतं.

वेळापत्रकाचंही बघा. सहा दिवस दोन-दोन तासांसाठी बोलावण्यापेक्षा तीन दिवस सलग पाच तास ठेवा, म्हणजे उरलेले तीन दिवस वेचणीला जाता येतं. पहिला तास गावाकडची मुक्कामी एसटी पोहोचल्यानंतर, आणि शेवटचा परतीच्या गाडीच्या अर्धा तास आधी संपवा. मुलींच्या बाबतीत हे जास्त महत्त्वाचं. गाडी चुकून अंधार झाला की घरचे दुसऱ्या दिवसापासून पाठवत नाहीत.

चोपडा_केमिस्ट्री

मनापासून आभार. विभागात आज यादीचं काम सुरू केलं, रविवारचा विषय मागे घेतला. आणखी दोन शंका. अंतर्गत परीक्षेचं काय करावं? आणि दोन मुलं म्हणतात, ‘हे सत्र सोडूनच देतो, पुढच्या वर्षी बघू.’

तापीकाठ

अंतर्गत गुण एकाच मोठ्या चाचणीवर ठेवू नका, त्या दिवशी गाडी बंद पडली की मुलगा शून्यावर. विद्यापीठाच्या आराखड्यात बसेल तेवढे तुकडे करा: दोन छोट्या चाचण्या, एक गृहपाठ, प्रॅक्टिकलची तोंडी. पहिली छोटी चाचणी याच आठवड्यात घ्या, २० मिनिटांची, झालेल्या भागावरच. तिचा उद्देश गुण नाही, कोण बुडतंय ते आत्ताच कळणं हा आहे. ६०-४० ची पद्धत असून दोन्हीकडे वेगळं पास व्हावं लागत असेल तर ४० टक्क्यांच्या हिशोबाने बाहेर २४ आणि आत १६ लागतात. हे आकडे मुलांना स्पष्ट सांगा. बऱ्याच जणांना वाटतं की आतले भरपूर मिळाले म्हणजे निभावलं.

सत्र सोडायचं म्हणणाऱ्यांना आधी बाकीच्या पेपरांचं विचारा. बहुतेक वेळा एकाच विषयाची धास्ती असते आणि तिच्यापायी सगळेच सोडायला निघतात. झेपतील ते पेपर द्यावेत, राहिलेला एटीकेटीत, म्हणजे पुढच्या वर्गात जाऊन पुन्हा परीक्षा देऊन, काढता येतो. त्याची मर्यादा किती विषयांची ते परीक्षा विभागाकडून लेखी घ्या, तोंडी ऐकीव नको.

सातपुडा_तळोदा

शिष्यवृत्तीचंही त्यांच्या कानावर घाला. महाडीबीटी या सरकारी पोर्टलवरचा अर्ज, समाजकल्याणची स्वाधार, आदिवासी विभागाची स्वयंम, हे सगळं प्रवेश आणि हजेरीशी बांधलेलं असतं. सत्र सोडलं की पैसेही अडकू शकतात. आदिवासी मुलांसाठी यावल, धुळे, नंदुरबार, तळोदा इथे प्रकल्प कार्यालयं आहेत. पाऊस-रस्त्यामुळे गैरहजेरी झाली असेल तर कॉलेजच्या लेटरहेडवर तारखांसह पत्र देऊन ठेवा, नंतर धावपळ नको. कमवा व शिका योजना तुमच्याकडे चालू असेल तर वेचणीला पर्याय म्हणून त्या दोघांची नावं आधी घ्या.

आणि त्यातलं एखादं पोर झोपत नसेल, जेवत नसेल, कुणाशी बोलत नसेल तर टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर द्या. फोन फुकट आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं. नंबर नुसता फॉरवर्ड करू नका, शेजारी बसून लावून द्या.

ब्युरेट_पिपेट

परीक्षा फॉर्मची शेवटची तारीख विलंब शुल्काशिवाय कधी आहे ते आजच दारावर लावा. दरवर्षी चार-पाच मुलं अभ्यास करूनही फॉर्ममुळे बाहेर राहतात. ज्यांना यायला जमत नाही त्यांचे फॉर्म त्यांच्या दहाच्या गटातल्या शिक्षकाने भरून घ्यावेत. ओटीपी घरच्या फोनवर येतो, म्हणून तेही रात्री आठनंतरच.