टोमॅटोची लांबुडकी रोपे कुंडीत लावण्याबाबत मदत हवी आहे

ट्रेमध्ये पेरलेली टोमॅटोची रोपे २५ दिवसांची झाली असून, ऊन कमी मिळाल्यामुळे ती वीतभर उंच, पण काडीसारखी बारीक झाली आहेत. मातीत गाडलेल्या खोडालाही मुळे फुटतात, म्हणून खालची पाने खुडून खोड वरच्या पानांपर्यंत पुरण्याचा माझा विचार आहे. मात्र मागच्या खेपेस लावलेल्या सहापैकी चार रोपांची खोडे तिसऱ्याच दिवशी मातीलगत काळी पडली आणि रोपे आडवी झाली. पाणी जास्त झाले असावे, असा माझा कयास आहे (हौस म्हणून सकाळ-संध्याकाळ दोन्ही वेळा घातले होते). कुंडी १२ इंच खोल असताना खोड सरळ पुरावे की तिरके, आणि त्याआधी रोपे किती दिवस उन्हाला सरावू द्यावीत, हे अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे.