लहान मुलांचं बोलणं टिपायला कोणता रेकॉर्डर? (बजेट ३०००)

तापीकाठ_चोपडा: अंगणवाडीतली १२ मुलं, वय ३ ते ५. घरी अहिराणी, इथे मराठी. मला/माले, आहे/शे ही सरमिसळ कशी सुटत जाते ते वर्षभर टिपायचंय. वर पत्रे, पंखा घरघरतो. ३००० च्या आत सुचवा.

भरीत_पार्टी: मेंदूचं बघायचं तर ईईजीच, म्हणजे डोक्यावर इलेक्ट्रोड लावून मेंदूतले विद्युत संकेत टिपणं. वाक्यात अर्थाला न जुळणारा शब्द आला की साधारण ४०० मिलिसेकंदांनी एन४०० लाट दिसते, हे १९८० पासून माहीत आहे. आमची टोपी ३२ चॅनलची. फक्त तेल चोपडलेली डोकी नकोत, इलेक्ट्रोड नीट टेकत नाहीत.

खाट_खान्देशी: ३००० म्हणालेत ते. कॉलर माइक घ्या. हनुवटीखाली वीतभर, कपड्याच्या बाहेरून. आत गेला की खसखस येते. रेकॉर्डिंग डब्ल्यूएव्ही फाइलमध्ये, ४४.१ किलोहर्ट्झ, १६ बिट. एमपी३ नको.

रावेर_केळी: माइक कुठलाही घ्या, घोळ लिहिताना होतो. पोरगं 'केळी'ला 'केयी' म्हणालं की 'ळ येत नाही' अशी चूक मांडतात. अहो, त्याची आजीही 'डोळा'ला 'डोया'च म्हणते! आधी घरच्यांचं बोलणं टिपा, मग चुका मोजा.

भरीत_पार्टी: रावेरकडे लेवा गणबोली, अहिराणी नव्हे.

रावेर_केळी: लेवातही ळ चा य च. पुढे बोला.

अमळनेर_४२५४०१: कॉलर माइकच. पंखा बंद. लिहायला क्लॅन हे सॉफ्टवेअर, फुकट आहे. वाक्याची सरासरी लांबी काढताना शब्द नका मोजू, रूपिमं (अर्थ असलेले लहानात लहान तुकडे) मोजा. 'माले' म्हणजे दोन, मा आणि ले.

शिरपूर_फाटा: नुसत्या गप्पांत ला/ले पुरेसे सापडत नाहीत. मुलांची भाषा अभ्यासणाऱ्या जीन बर्को यांची १९५८ ची युक्ती वापरा. नसलेला प्राणी काढा, नाव 'टिमका'. 'हा एक टिमका. आता हे दोन...' इथे थांबायचं, पोर पुढचं बोलतं. मग खाऊचं चित्र दाखवून 'कोणाला देऊ?' पण 'कोणाला' विचारलंत की पोर तुमचाच 'ला' उचलतं. अहिराणीची फेरी वेगळ्या दिवशी, आणि विचारणारी अहिराणीच बोलणारी हवी. ती 'कोनले' म्हणेल. पालकांची सही आधी.

खाट_खान्देशी: आणि ते सगळं टिपायला कॉलर माइक.

तापीकाठ_चोपडा: माइक नाही घेत. मुलं तो ओढतील नाहीतर चावतील. आहे तोच मोबाईल, एअरप्लेन मोडवर, रुमालाच्या घडीवर, मुलापासून हातभर. सकाळी ८ ला, पंखा बंद. २०० ची टिमक्याची चित्रं. उरलेले २८०० शेजारच्या आजींना, 'कोनले' विचारायला.

भरीत_पार्टी: मोबाईल?